शालनअक्काची लेखनिक

लाईट गेली की गिरणीचा पट्टा फडफड करत मंदावायचा, जात्याची घरघर विरून जायची आणि आतून शालनअक्काची हाक यायची, "वैजे, ये गं, गेली बघ!"

गावातली बाकी माणसं लाईट गेली की वीजमंडळाचा उद्धार करायची. आम्ही दोघी मात्र खूश. गिरणी चालू असताना कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नसे, त्यामुळे आमचं इंग्रजी विजेच्या मर्जीवर चालायचं. मी दहावीचं पुस्तक आणि गाईड काखोटीला मारून पळत सुटायची. रस्ता ओलांडला की गिरणी. पिठाच्या डब्यांशेजारी एका लाकडी पेटीवर अक्का बसलेली असायची. केसांवर, भुवयांवर पीठ आणि डोळे दाराकडे लावलेले. डोळे लावलेले म्हणायची आपली सवय. त्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं.

"कुठवर आलो होतो?" मी विचारायची.

"नेइघबौर," ती म्हणायची. "नेइघबौर म्हंजे शेजारी. आता फुडं."

आता हे नेइघबौर काय प्रकरण आहे, ते सांगायलाच हवं. अक्का माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी. ती पाचवीत होती, इंग्रजीची मुळाक्षरं नुकती गिरवून झाली होती, आणि त्या वर्षी गोवर आला तो तिचे डोळे घेऊन गेला. गाव एवढंच सांगायचं आणि मीही तेवढंच ऐकत मोठी झाले. शाळा सुटली, पण तिची शिकायची हाव काही सुटली नाही. मी ज्या इयत्तेत जाईन तिची पुस्तकं ती माझ्याकडून वाचून घ्यायची. नंतर माझ्याही पुढं गेली आणि मीच तिच्यामागं फरपटत वरच्या वर्गाचं वाचायला लागले. शेवटी घोडके सरांनी तिचा सतरा नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा. ज्याला दिसत नाही त्याला परीक्षेत लेखनिक मिळतो. लेखनिकानं प्रश्न वाचून दाखवायचा, सांगितलेलं उत्तर लिहायचं आणि स्वतःचं डोकं अजिबात चालवायचं नाही. तो खालच्या इयत्तेतला लागतो. मी नववीत. दुसरं कोण असणार?

बाकीचे विषय मराठीतले. अक्कानं ते एकदा ऐकले की डोक्यात पक्के बसायचे. घोडं पेंड खायचं ते इंग्रजीत. वाचणार मी, ऐकणार ती; परीक्षेत बोलणार ती आणि लिहिणार मी. पण कागदावर एक आणि तोंडात भलतंच, असला त्या भाषेचा खाक्या. तिनं शब्द सांगितला तरी तो लिहायचा कसा, हे मला कुठं ठाऊक होतं? घोडके सरांची मदत होईल म्हणावं, तर सर इंग्रजी मराठीतून शिकवायचे आणि मराठी छडीतून. वर्गात धडा मोठ्यानं वाचलेला मी कधी ऐकला नव्हता. फळ्यावर अर्थ लिहून द्यायचे, आम्ही उतरवून घ्यायचो.

तोडगा अक्कानंच काढला. "वैजे, जेवढी अक्षरं हायती तेवढी समदी म्हणायची. एकालाबी गप बसवायचं न्हाई."

झालं. त्या दिवसापासून बुधवार आमचा वेडनेसडे झाला, सुंदर ते बेऔटीफुल झालं, चाकू कनिफे झाला. मी पानावर दिसेल तसं वाचत सुटायची आणि अक्का दोन डब्यांच्या मधल्या जागेत पुढं-मागं चालत ते तोंडपाठ करायची. पहिल्या पहिल्यांदा आम्ही हसून हसून बेजार व्हायचो. पुढं हसणं थांबलं, कारण ती आमची भाषा झाली. मी पाच ओळींचा उतारा वाचला की ती त्याचा अर्थ घडाघडा सांगायची, आणि तिनं निबंध सांगायला घेतला की मी तिच्या बोलण्याच्या वेगानं लिहून काढायची. स्पेलिंग चुकायचा सवालच नव्हता. व्याकरणात तर तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"कर्मणी कसं करायचं गं?" मी मुद्दाम विचारायची. मला ते कधीच जमलं नाही.

"सोपं हाय. ज्याला केलं त्याला आणायचं फुडं आन् करणाऱ्याला ढकलायचं मागं."

"आन् त्याचं नाव?"

"घ्यायचं तर घ्यायचं. न्हाई घेतलं तरी वाक्य पुरं हुतं."

अर्धवट भरलेल्या पोत्यावर बसून तिचे वडील नाना हे सगळं ऐकत असायचे. नाना हिंगमिरे म्हणजे उभा-आडवा माणूस, बोलणं मोजकं. शालन जन्मली त्याच बाळंतपणात बायको गेली; नानांनी दुसरं लग्न केलं नाही, पोरीला एकट्यानं वाढवलं. कुणापुढं हात पसरायचा नाही, कुणाचं मिंधं राहायचं नाही, हा त्यांचा बाणा. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते दुसऱ्यांदा भात मागायचे नाहीत. आमचं इंग्रजी सुरू झालं की हातातलं काम सोडून मान डोलवत बसायचे, जसं काही देवळात कीर्तन चाललंय.

"मला त्यातलं एक अक्षर कळत न्हाई," ते म्हणायचे, "पर लेक बोलतीया. बास."

हे सगळं हौसेखातर चाललं होतं असं कुणी समजू नये. आदल्या वर्षी पुण्याच्या एका अंधसंस्थेतल्या बाई गावात येऊन गेल्या होत्या. दहावी झालेल्या मुलींना तिथं टेलिफोन चालवायचं शिक्षण होतं, राहायची-जेवायची सोय होती आणि पुढं नोकरीला लावून देणं संस्थेच्या अंगावर. अटी दोनच. जूनमध्ये दहावी पास हवी आणि अठरा पूर्ण झालेली नसावीत. अक्काला श्रावणात अठरा पूर्ण होणार होती. म्हणजे या मार्चला सुटली तर सुटली. ऑक्टोबरची परीक्षा असते, पण ती तिच्या काय कामाची?

त्या बाईंनी तिच्या हातात टेलिफोनचा एक मोडका रिसीव्हर ठेवला होता. अक्का तो कितीतरी वेळ चाचपत बसली होती.

"लोक बोलणार आन् मी जोडून देणार," ती मला म्हणाली. "त्येला डोळं लागत न्हाईत, वैजे. हितं पेटीवर बसून जवारीचं पीठ का बाजरीचं ते बोटानं सांगायचं आन् मरायचं, त्यापरीस किती चांगलं."

मला ते 'मरायचं' या शब्दासकट पटलं होतं.

*

मार्च उजाडला. केंद्र तालुक्याच्या हायस्कुलात. मराठीचा पेपर आम्ही झोकात दिला. आमच्यासाठी व्हरांड्याच्या टोकाला वेगळी खोली, एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक पर्यवेक्षक. अक्का सांगत होती, मी लिहीत होते. बाहेर आल्यावर नाना म्हणाले, "कसा गेला?" अक्का म्हणाली, "पळवला." नानांनी दोघींना उसाचा रस पाजला.

मध्ये सुट्टी होती आणि मग इंग्रजी. त्या सुट्टीच्या दिवशी नाना दुपारपासून गिरणीत नव्हते. दळणं तशीच पडली होती. संध्याकाळी आले ते फार खुशीत. एरवी कधी न बोलणारा माणूस, पण त्या दिवशी वाटेतल्या कुत्र्याशीसुद्धा बोलला असेल. अक्कानं विचारलं, "कुठं गेला होतासा?" तर म्हणाले, "उद्या कळंल."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एसटीनं पुढं गेलो. नाना म्हणाले, मी मागनं येतो. पेपरला थोडा वेळ उरला होता, अक्का निंबाखाली बसून तोंडातल्या तोंडात निबंध घोळवत होती, आणि फाटकातून आमच्या गावच्या डॉक्टर कोठाडियांची जीप आत आली. पुढं डॉक्टर, मागं नाना आणि नानांच्या शेजारी डॉक्टरांची मुलगी शीतल. इस्त्रीचा फ्रॉक, पांढरे मोजे, हातात नवी पेनं. ती सोलापूरला वसतिगृहात राहून इंग्रजी शाळेत शिकायची, माझ्याच इयत्तेत. परीक्षा लवकर आटोपून घरी आली होती.

नाना जीपमधून उतरले ते धावतच आमच्याकडं आले. माणूस नुसता उजळून निघाला होता.

"शाले, ऊठ! तुझं नशीब उघडलं. डाक्टरांची शीतल तुझा पेपर लिवणार. इंग्लिश मेडियमची पोरगी हाय, घरात आयबापासंगट फाडफाड इंग्रजी बोलती. हेडसरास्नी डाक्टरांनी सांगितलंय, परवानगी झाली."

अक्का उठून उभी राहिली. तिचा हात माझ्या खांद्यावर होता, तो तसाच राहिला.

"नाना," ती म्हणाली, "वैजूच बरी हाय की. आमचं बसलंय जुळून."

"येडी का खुळी तू? वैजू चांगलीच हाय, पर तिचं इंग्रजी गिरणीतलं. हिला ते हातचा मळ हाय." मग माझ्याकडं वळून, अगदी मायेनं, "पोरी, तू वंगाळ वाटून घिऊ नगंस. तुलाबी जिवाला ताप हुता. आता तू सुटलीस."

खरं सांगायचं तर मला त्या क्षणी वाईटही वाटलं आणि हायसंही. इंग्रजी शाळेतली मुलगी म्हणजे आमच्या लेखी वरच्या पंक्तीतलं माणूस. तिच्या हातून पेपर लिहिला गेला तर साक्षात इंग्रजीनंच लिहिल्यासारखं झालं, असंच मलाही वाटलं. अक्कालाही कुठंतरी वाटलंच असणार. तिनं शीतलला विचारलं, "तुझं अक्षर चांगलं हाय?"

"हो," शीतल म्हणाली. "काही घाबरू नका, दीदी. मी तुम्हाला सगळं नीट वाचून दाखवीन."

डॉक्टर जीपशी उभे होते. नाना त्यांच्याकडं गेले आणि सगळ्या पटांगणादेखत त्यांनी दोन्ही हात जोडले. मी नानांना हात जोडताना देवापुढंच पाहिलं होतं. अक्काला ते दिसलं नाही, पण नानांच्या तोंडचे शब्द तिच्या कानावर पडले. "डाक्टर, तुमचं उपकार ह्या जन्मात फिटायचं न्हाईत."  माझ्या खांद्यावरचा हात काढून तिनं शीतलच्या खांद्यावर ठेवला आणि आत गेली.

*

नाना आणि मी त्या टोकाच्या खोलीमागं, खिडकीपासून जरा अंतरावर, भिंतीच्या सावलीत बसलो. घंटा झाली. थोड्या वेळानं आतून शीतलचा आवाज यायला लागला. उतारा वाचत होती.

"ऐक," नाना कुजबुजले. "ऐक तरी! कसं वाचती! पाण्यागत."

मी ऐकत होते. खरंच पाण्यासारखं होतं. एक शब्द दुसऱ्यात मिसळून जात होता, कुठं सुरू झाला, कुठं संपला, काही पत्ता लागत नव्हता. मी कान टवकारले. एखादा तरी ओळखीचा शब्द येईल म्हणून वाट पाहिली. 

मला त्यातलं काहीसुद्धा कळत नव्हतं. काहीसुद्धा म्हणजे काहीसुद्धा नाही. ज्या पुस्तकातली पानंच्या पानं मी वाचली होती त्याच भाषेत ती मुलगी वाचत होती आणि ती भाषा मी जन्मात ऐकली नव्हती. आणि जर मला कळत नव्हतं, तर अक्काला कसं कळणार? तिनं इंग्रजी ऐकलं होतं ते फक्त माझ्या तोंडून. दुसऱ्या कुणाच्याच नाही.

आतून अक्काचा आवाज आला. "परत वाच."

शीतलनं परत वाचलं. तसंच, गोड, झुळझुळीत.

"परत. सावकाश."

पुन्हा एकदा. मग अक्का म्हणाली, "अक्षरं सांग. येक येक अक्षर सांग."

शीतल बिचारी अक्षरं सांगायला लागली. पहिल्या ओळीची अक्षरं संपेपर्यंत नाना उठून पाय मोकळे करून आले. अक्का प्रत्येक शब्द जुळवून आमच्या उच्चारात पुटपुटायची, तेव्हा तो तिला लागायचा. पण आख्खा उतारा असा अक्षराक्षरानं वाचायचा म्हटलं तर दिवस मावळला असता. त्यात पर्यवेक्षकांनी हटकलं. "अहो, किती बोलताय दोघी? प्रश्न वाचायचा, उत्तर लिहायचं. चर्चा चालणार नाही इथं."

मग अक्कानं उतारा सोडला असावा. निबंधाला हात घातला. निबंध तिचा मुखोद्गत. तिनं आमच्या बोलीत खणखणीत सुरुवात केली आणि मला इथं बसून त्यातला शब्द न् शब्द कळला. बोटं शिवशिवली. पण पेन शीतलच्या हातात होतं.

"काय?" शीतल म्हणाली. "परत सांगा, दीदी. मला समजलं नाही. कोणता वर्ड?"

अक्कानं परत सांगितलं.

"सॉरी, दीदी. असा वर्ड नाहीये."

मी ताडकन उठले. खिडकीकडं निघाले, तर शिपायानं दंडाला धरून मागं ओढलं. "ए पोरी, कॉपी पुरवतीस व्हय? चल हो बाहेर." मी त्याला म्हटलं, मी तिची लेखनिक आहे. तो म्हणाला, लेखनिक आत बसलीया. 

नानांनी मला पुन्हा सावलीत बसवलं. "आगं, का उगं तगमग करतीस? तिकडं चाललंय झकास. मघाधरनं दोघी सारख्या बोलत्यात बघ. म्हंजे लिवणं जोरात असणार." त्यांनी खिशातून शेंगदाणे काढून माझ्या हातावर ठेवले. "पास झाली की पुण्याला मी स्वता सोडाया जाणार. तुलाबी न्हेतो."

मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि शेंगदाणे खाल्ले. 

आतला आवाज हळूहळू कमी होत गेला. शेवटी शेवटी तर अक्का सांगत असलेली नुसती अक्षरं ऐकू यायची, एक एक, आणि मध्ये लांब शांतता. शेवटची घंटा झाली तेव्हा मुलं आरडाओरडा करत बाहेर पडली. या दोघी सगळ्यांच्या मागून आल्या. शीतलचे डोळे लाल झाले होते. अक्काचा चेहरा जसा नेहमी असतो तसाच.

"कसा गेला?" नानांनी विचारलं.

"बरा गेला," अक्का म्हणाली.

नाना डॉक्टरांना सांगायला धावले. शीतलनं मला जरा बाजूला ओढलं. "मी खूप ट्राय केलं. पण दीदी काय बोलत होत्या ते मला कळतच नव्हतं. कोणती लँग्वेज बोलत होत्या त्या?"

"इंग्रजीच," मी म्हटलं.

तिची काही चूक नव्हती. पण मला तिचं तोंड बघवेना.

*

निकाल लागला. मराठीत अक्का केंद्रात वरच्या नंबरात होती. गणित, इतिहास, शास्त्र सगळं सुटलं. तिथं लेखनिक मीच होते. इंग्रजीत नापास. घोडके सर स्वतः गिरणीवर सांगायला आले आणि पीठ न झटकलेल्या पोत्यावर तसेच बसून राहिले.

नानांनी गिरणीचा पट्टा चढवला आणि दळण सुरू केलं. आतल्या घरघरीत कुणी काय बोललं असतं? मी लाईट जायची वाट पाहत घरी बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली, पण हाक आली नाही. मीच गेले. नाना दळणाचे डबे पोचवायला बाहेर पडले होते. अक्का पेटीवर होती.

मला रडू फुटलं. "मी नानांना सांगणार हाय," मी म्हटलं. "समदं सांगणार. कशामुळं झालं ते कळू दे त्यास्नी. तुझ्या नावावर नापासाचा शिक्का कशापायी बसावा? अक्का, तुला एवढं येत हुतं!"

"न्हाई सांगायचं."

"का म्हणून?"

"बस हितं."

मी बसले. ती बोटानं पेटीवरचं पीठ गोळा करत होती आणि परत पसरत होती.

"माझं डोळं गोवरानं न्हाई गेलं, वैजे," ती म्हणाली. "गोवर उतरला हुता. डोळं लाल हुतं, चिकटत हुतं. कुणीतरी नानास्नी पाल्याचं औषध सांगितलं. त्यांनी सवता जंगलातनं पाला आणला, वाटला, फडक्यातनं गाळला आन् माझ्या डोळ्यात पिळला. मी वरडत हुते. ते म्हणायचे, जरा सोस बाळा, गुण येणार हाय. दोन्ही डोळ्यास्नी त्येंच्याच हातानं. मग न्हेलं डाक्टर कोठाडियांकडं. डाक्टर समद्या दवाखान्यादेखत म्हणालं, अरे आडाण्या, आधी का न्हाई आणलंस, तू घालवलंस पोरीचं डोळं."

रस्त्यावरून एक बैलगाडी गेली. ती जाईपर्यंत अक्का थांबली.

"त्यानंतर किती दीस ते माझ्यासमोर जेवाया बसलं न्हाईत. रातचं उठून माझ्या उशाला बसायचं, मी झोपलीया असं समजून. डाक्टरची पायरी त्यांनी पुन्हा चढली न्हाई. सवताला ताप आला तरी तालुक्याला जायचं, पर तिकडं न्हाई. त्याच पायरीवर त्या दिवशी जाऊन हात जोडून हुबं ऱ्हायलं, वैजे. माझ्यापायी. त्यास्नी वाटलं, एकदा आपल्या हातनं नुकसान झालं, आता आपल्याच हातनं भलं करायचं."



"आता तू जाऊन सांग," अक्का म्हणाली, "की नाना, हेबी तुमच्याच हातनं गेलं. सांगतीस?"

मी नाही सांगितलं. श्रावण आला, तिला अठरा पूर्ण झाली. पुण्याच्या बाईंकडचं कुणीतरी विचारायला आलं होतं, त्यांना अक्कानंच काय ते उत्तर दिलं. ऑक्टोबरला बस, असं मी खूप म्हटलं. ती नको म्हणाली. "कशाला? कुठं जायचंय?" त्यानंतर लाईट जायची, पण आमचं पुस्तक पुन्हा कधी उघडलं नाही.

*

मी पुढं शिकले, तालुक्याला नोकरी लागली, लग्न होऊन कोल्हापूरला गेले. गावी येणं वर्षा-दोन वर्षांनी. काही वर्षांपूर्वी यजमानांना घेऊन गेले तेव्हा लाईट गेली होती, म्हणून गिरणीत डोकावले. गिरणी आता नानांचा पुतण्या चालवत होता. नाना बाहेर बाजेवर बसलेले, अगदी वाळून गेलेले. अक्का आत पेटीवर. केस पांढरे, पण ते पिठानं की वयानं, हे चटकन कळत नव्हतं. माझा आवाज ऐकताच म्हणाली, "वैजी आली!" मी तिच्या शेजारी जाऊन बसले. तिनं माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि जाड झालीस म्हणाली.

चहा आला. नाना बाहेर शेजारी बसलेल्या माझ्या यजमानांशी बोलायला लागले. म्हातारपणी माणूस मोकळा होतो तसे ते मोकळे झाले होते.

"जावयबापू, आमची शालन लई हुशार हुती बरं. समद्या विषयात पास. निस्तं इंग्रजी आडवं आलं. मी काय कमी केलं हुतं का? डाक्टरची, इंग्लिश मेडियमची पोरगी दिली हुती लिवायला. सोलापुरास्नं शिकलेली. पर तकदीरच फुटकं म्हणायचं. पोरीच्या डोक्यात ती भाषा शिरलीच न्हाई."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. नाना दारातून माझ्याकडं वळले आणि हसले, तेच मायेचं हसू.

"वैजू, एक सांगू? तू त्या दिवशी लिवायला नव्हतीस ते देवानंच केलं बघ. न्हाईतर आजवर मला वाटत आलं असतं, वैजूमुळं माझ्या लेकीचं नुकसान झालं. आता कुणाला बोल लावायला जागा न्हाई. माझ्या जिवाला तेवढी शांतता हाय."

मी तोंड उघडलं. त्याआधीच माझ्या मनगटावर अक्काची बोटं आली. घट्ट. पिठानं खरखरीत झालेली.

"व्हय नाना," ती आतून मोठ्यानं म्हणाली. "तुम्ही केलं ते लई केलं. माझंच डोकं चाललं न्हाई."

नानांनी समाधानानं मान हलवली. मग बशीत चहा ओतला आणि फुंकर मारत पिऊ लागले.